एक ऑगस्ट, दुपारी बारापर्यंत

मी दुबईला गेले ती दोन आठवड्यांसाठी आणि परत आले ती नोव्हेंबरात. गावात कुणी भेटलं की विचारतं, "बाई, काय काय बघितलंत?" बुर्ज बघितला का, सोनं आणलं का, उंटावर बसलात का. बुर्ज मी गाडीच्या काचेतून बघितला, तोही अर्धाच, कारण मांडीवर नातू रडत होता. सोनं आणलं नाही. उंट दिसला नाही, त्याचं दूध मात्र सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये बाटलीत दिसलं. ज्यांना दुबई कशी आहे ते जाणून घ्यायचंय त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं. मला सांगायचंय ते आमच्या गावच्या रेजिनाबद्दल आणि जमैकाच्या एका शिक्षिकेबद्दल. आणि हे सगळं बसल्या बसल्या लिहितेय, कारण गुडघे अजून सुजलेले आहेत.

जुमेरा लेक टॉवर्स

जुलैत दुबईला कुणी शहाणा माणूस जात नाही. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर अशी वाफ धरली की मला समोर उभा असलेला माझा मुलगाच दिसेना. शेवटी त्यानेच येऊन हात धरला. ग्लेन तिथल्या एका ऑफिसात मॅनेजर आहे, सून लिनेट हॉटेलात रिझर्वेशन बघते. दोघं जुमेरा लेक टॉवर्समध्ये तिसाव्या मजल्यावर राहतात. थोरली झोई सात वर्षांची, धाकटा एथन पाच महिन्यांचा. खाली तळं आहे, पण माणसाने बांधलेलं, त्यात बेडूकसुद्धा नाही.

मला का बोलावलं होतं ते ग्लेनने तिकीट काढायच्या आधीच फोनवर सांगितलं होतं. घरात रेजिना कामाला आहे. ती आमच्याच गावची, तिसरीत माझ्या हाताखाली शिकलेली. नवरा गेल्यावर तिला काम हवं होतं, ग्लेनला विश्वासाचं माणूस हवं होतं, आणि मीच दोघांची गाठ घालून दिली. दोन वर्षांचा करार होता. तो जुलैअखेर संपत होता आणि रेजिना म्हणत होती, मी जाते. तिची एकुलती एक मुलगी स्मिता हिला सप्टेंबरात बाळ होणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि आई तिसाव्या मजल्यावर दुसऱ्याचं बाळ घेऊन बसलेली, तर ते माहेर कसलं?

"मम्मी, फक्त सहा महिने," ग्लेन म्हणाला होता. "एथन थोडा मोठा होईस्तोवर. तुझा शब्द ती मोडणार नाही. तू तिची बाई ना."

तर मी गेले होते ती तिला थांबवायला. बॅगेत वसईच्या केळ्यांची सुकेळी, सुके बोंबील आणि हा निरोप.

रेजिनाने दार उघडलं, पाया पडली आणि लगेच माझी बॅग उचलून आत गेली. दोन वर्षांत तिचे केस बरेच पांढरे झाले होते. संध्याकाळी तिची खोली बघितली. स्वयंपाकघराला लागून, बिनखिडकीची, आत वॉशिंग मशीन. मशीन सुरू झालं की पलंगही हलतो, असं तीच हसत सांगत होती. आठवड्याची सुट्टी कधी असते, असं मी विचारलं. ती गोंधळलीच. ग्लेन सोफ्यावरून म्हणाला, "अगं मम्मी, ती काय मेड आहे का? घरच्यासारखी आहे. आमच्याबरोबर मॉलला येते, बीचला येते, चर्चला येते." खरं होतं. सगळीकडे जात होती, एथनची गाडी ढकलत.

स्मिताचं लग्न तिने फोनवर बघितलं होतं. तेव्हा लिनेटला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. मग जाणार कशी? वरून फोन दोनदा बंद पडला, त्यामुळे अंगठी घालताना दिसलं नाही. हे मला लिनेटनेच सांगितलं, आणि सांगताना तिला वाईट वाटत होतं. माझी सून दुष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवते. दोन महिन्यांची बाळंतपणाची रजा संपली की तिला कामावर जावंच लागतं, नाहीतर नोकरी खलास.

तळ्याकाठी

मला पहाटे जाग येते. घरात एसी इतका की हाडं दुखायची, म्हणून मी उजाडता उजाडता खाली तळ्याकाठी फिरायला जायची. त्या वेळीही हवा भाताच्या कुकरचं झाकण काढल्यासारखी. तिथे बाकावर मोठी गवती टोपी घातलेली एक काळी, उंच बाई बसायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, तुम्ही कुणाचं मूल सांभाळता?

मला राग आला. मी साडीत, हातात जपमाळ, तरी हिला मी आया वाटले? मी म्हटलं, मी आजी आहे. ती म्हणाली, म्हणजे तेच काम, बिनपगारी. आणि इतकं मोकळं हसली की माझा राग गेला.

तिचं नाव डॉरेट. जमैकाची, त्याच टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहणारी, तिथल्या एका शाळेत इतिहास शिकवणारी. तिची इंग्रजी वेगळ्याच चालीची, माझी गावच्या शाळेतली. पण दोन शिक्षिका एका बाकावर बसल्या की भाषेचं अडत नाही. मुलं बेशिस्त, हेडमास्तर बिनकामाचे, पेपर तपासून डोळे गेले, इथपर्यंत आम्ही पहिल्याच सकाळी पोचलो.

एक ऑगस्ट जवळ येत होती. ती आमच्या मुक्तीची तारीख, असं ती म्हणाली. सुरुवातीची वर्षं सोडली तर मी आयुष्यभर पाचवी ते सातवीला इतिहास शिकवला आहे. गुलामगिरी अमुक साली रद्द झाली, मुलांनो, अधोरेखित करा. त्यापुढे मी कधी गेले नव्हते. डॉरेट रोज सकाळी थोडं थोडं सांगायची, मुलांना सांगतात तसं, मध्येच थांबून मला प्रश्न विचारत.

तिने उसाचे मळे सांगितले. आफ्रिकेतून जहाजात भरून आणलेली माणसं, ऊस तोडणारी, रस काढायच्या चरकात हात गेलेली. आठवड्यातला रविवार तेवढा त्यांचा. त्या दिवशी डोंगरउतारावरच्या तुकड्यात कंद लावायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. १८३१ च्या नाताळात चॅपलात प्रार्थना चालवणाऱ्या एका गुलामाने सगळीकडे निरोप पाठवला की नाताळची सुट्टी संपली तरी कुणी कामावर परत जायचं नाही, मजुरी द्या म्हणायचं, मगच ऊस तोडायचा. मळे पेटले, शेकडो लोकांना फाशी झाली, त्यालाही झाली. पण लंडनला कळून चुकलं की हे आता चालायचं नाही. तिकडे इंग्लंडात बायकांनी गुलामांच्या हातची साखर चहात घालायची बंद केली होती. मी म्हटलं, मी डायबेटिसमुळे बंद केली आहे. डॉरेट म्हणाली, चालेल, तुम्हालाही धरू.

मग १८३४ सालची एक ऑगस्ट आली, गुलामगिरी संपली असं जाहीर झालं. भरपाई मिळाली, पण ती मालकांना. इथे डॉरेट थांबली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल, तिने विचारलं. मी म्हटलं, लोक निघून गेले असतील. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे त्याच मळ्यावर, त्याच मालकाकडे कामाला होते. कायद्यात लिहिलं होतं की तुम्ही मोकळे आहात, पण मोकळं कसं राहायचं ते तुम्हाला अजून येत नाही. म्हणून आणखी काही वर्षं उमेदवारी करा, आठवड्यातला बराचसा वेळ बिनपगारी. घरातल्या नोकरांना चार वर्षं, मळ्यावरच्यांना सहा. आमच्याकडे राहा, आम्ही तुमचंच भलं बघतोय. लोक इतके चिडले, जमैकात आणि लंडनला, की चार वर्षांनीच ती उमेदवारी गुंडाळावी लागली. खरी मुक्ती १८३८ ची. त्या रात्री लोक चॅपलांमध्ये जागत बसले, एका गावात साखळी आणि चाबूक शवपेटीत घालून पुरले.

मला ग्लेनचे शब्द आठवले. फक्त सहा महिने, एथन थोडा मोठा होईस्तोवर. मग मी डॉरेटला रेजिनाबद्दल सगळं सांगितलं, मी कशाला आले आहे तेही. वाटलं, ही आता मला फैलावर घेणार. पण ती उलट माझ्यावर वेगळ्याच कारणासाठी रागावली.

"हे दोन्ही एका तराजूत घालू नका," ती म्हणाली. "तुमच्या रेजिनाला पगार आहे, ती स्वतःच्या पायांनी आली. माझ्या पणजीच्या आजीला विकलं होतं. तिच्या मुलांनाही. ते तसं नाही आणि तसं म्हणूही नका." थोड्या वेळाने तिने टोपी काढून वारा घेतला. "पण 'आणखी थोडे दिवस' हे मात्र मी कुठेही ओळखते."

मग म्हणाली, एक तारखेला आम्ही फुजैराला समुद्रावर जाणार आहोत, या तुम्ही, आणि तिलाही आणा.

रोल्ला

डॉरेटला मेजवानीसाठी ब्रेडफ्रूट हवं होतं आणि ते चांगलं मिळत नव्हतं. फोनवर फोटो दाखवला तर काय, आपला निरफणस! माझ्या परसात झाड आहे. जुलै म्हणजे ऐन मोसम. शारजातल्या रोल्लाला आपल्याकडची सगळी दुकानं आहेत, म्हणून शनिवारी ग्लेनने मला, रेजिनाला आणि अर्थातच एथनला तिथे सोडलं.

दुकानदार इब्राहिमभाई रत्नागिरीकडचे, तीस-एक वर्षं तिथेच. मी निरफणस म्हटल्यावर त्यांचा चेहराच खुलला. आतून दोन काढले, अजून चीक ओला. वीस दिरहॅमला एक, म्हणजे जवळपास पावणेपाचशे रुपये. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे गाईला घालतात. ते म्हणाले, "मग बाई, गाय घेऊन यायची होती, हबीबी." घासाघीस करायला अंगात त्राण नव्हतं, घेतले. डॉरेटने मला सांगितलं होतं की हे फळ एका जहाजातून दूरच्या बेटांवरून त्यांच्याकडे आणलं ते गुलामांचं पोट स्वस्तात भरायला. पहिली कित्येक वर्षं लोकांनी त्याला तोंड लावलं नाही, डुकरांना घातलं. आज ते फळ नसेल तर त्यांचा सण होत नाही.

पैसे देऊन वळले तर रेजिना दिसेना. बघते तर समोरच्या कापडाच्या दुकानात. एका हाताने गाडी हलवते आहे, दुसऱ्या हातात एवढंसं पांढरं झबलं. मला बघून तिने ते घाईने पिशवीत कोंबलं. घरी आल्यावर मी तिच्या खोलीत गेले, तर वॉशिंग मशीनच्या मागे एक पिशवी होती. झबली, टोपडी, लंगोट, मऊ कापडाच्या घड्या. गेले कित्येक महिने रोल्लाला गेलं की एकेक घेत होती. मी पिशवी होती तशी मागे सरकवली. त्या रात्री मला ग्लेनचा निरोप द्यायचा होता. दिला नाही, डोकं दुखतंय म्हणून झोपले.

फुजैरा

एक ऑगस्टला शनिवार होता. रेजिनाला दिवसभर नेते, असं मी सांगितलं. लिनेटने विचारलं, मग एथन? मी म्हटलं, त्याला आई आहे, बाप आहे, दोघांना सुट्टी आहे. ग्लेनला वाटलं मी रेजिनाला बाहेर नेऊन समजावणार आहे. त्याने अंगठा वर केला. मी त्याला तसंच वाटू दिलं.

पहाटे अंधारात डॉरेटच्या गाडीतून निघालो. रेजिना मागे ताठ बसलेली, मांडीवर दोन्ही हात. त्या हातांना काय करायचं ते सुचत नव्हतं. डोंगर ओलांडून आम्ही पलीकडच्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. डॉरेटची आठ-दहा माणसं आधीच वाळूत उभी होती, कुणी बार्बेडोसचं, कुणी सेंट लुसियाचं. एक नर्स होती त्रिनिदादची, तोंडावळा अगदी आपल्यासारखा. तिचे पूर्वज बिहारातून गेलेले. काळे लोक मोकळे झाल्यावर मळ्यांना स्वस्त हात हवे होते, म्हणून हिंदुस्थानातून पाच-पाच वर्षांच्या करारावर माणसं नेली. पाच संपली की आणखी पाच करा, असं सांगायचे, ती म्हणाली. करार हा शब्द ऐकून रेजिनाने मान वर केली.

मग सूर्य वर आला. वसईत जन्म गेला माझा, सूर्याला रोज समुद्रात बुडताना बघितलंय. समुद्रातून वर येताना कधी बघितला नव्हता. रेजिना हळूच म्हणाली, "बाई, हा आपल्याकडून येतोय." खरंच की, पलीकडे आपलाच किनारा. आपल्याकडे तेव्हा चर्चमधली पहिली मिस सुटली असेल. त्या लोकांनी एक भजन म्हटलं, शब्द कळले नाहीत. म्हणताना डॉरेट रडत होती, आणि डोळे पुसायचीही तिला घाई नव्हती.

समुद्राकाठीच त्यांनी दिवसापुरतं घर भाड्याने घेतलं होतं, एसीचं, सुटले बाई. आत शिरता शिरता डॉरेटने आम्हाला तिच्या आजीच्या घरची रीत सांगितली. एक ऑगस्टला सूर्य उगवल्यापासून दुपारी बारापर्यंत कुणी कुणाला काम सांगायचं नाही. पाणी दे नाही, दार लाव नाही, इकडे ये नाही. नवऱ्याने बायकोला नाही, आईने मुलाला नाही. ज्याला जे हवं ते त्याने उठून घ्यायचं. आणि जो चुकेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची.

मला वाटलं, यात काय अवघड. मी तर पाहुणी.

टेबलावर भाजलेला निरफणस, खारवलेला मासा कांदा-मिरचीत परतलेला, केळी. तो मासा म्हणजे पूर्वी मालकांनी गुलामांसाठी मागवलेला सगळ्यात हलका माल. मी बोंबील चुरून कालवले होते, ते त्यांनी मिटक्या मारत खाल्ले. रेजिना भिंतीला लागून उभी होती. दोनदा कुणाची तरी प्लेट उचलायला पुढे झाली आणि दोन्ही वेळा त्या माणसाने प्लेट छातीशी धरली. सगळे हसले. शेवटी तिने स्वतःसाठी वाढून घेतलं आणि खुर्चीवर बसली. तिला बसून जेवताना मी दोन आठवड्यांत पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात ग्लेनचा फोन. आकडे नीट दिसेनात. मी सवयीने म्हणाले, "रेजिना, पर्समधून चष्मा दे ग." त्रिनिदादची नर्स तोंडावर हात धरून हसायला लागली. डॉरेटने सिंककडे बोट दाखवलं.

फोनवर ग्लेन विचारत होता, एथनच्या बाटल्या उकळायचं मशीन कसं लावतात, रेजिनाला दे. मी म्हटलं, देता येत नाही. का? बारा वाजेपर्यंत तिला काही सांगायचं नाही. त्याला वाटलं, उन्हाने मला काहीतरी झालंय. मग लिनेटचा फोन, झोईचा स्विमसूट कुठे आहे. मी म्हटलं, घरातच असेल, शोधा. तिसऱ्या वेळी मी फोन उचललाच नाही.

भांडी ढीगभर होती. मी पदर खोचला. गुडघे दुखत होते, कंबर धरली होती, आणि मनात म्हणत होते, कुठे येऊन पडले मी या वयात. रेजिना जवळच्या स्टुलावर बसलेली. तिची बोटं सारखी वळत होती, मदतीला उठायला बघत होती, पण तिला रीत पाळायची होती. चौथी-पाचवी प्लेट झाली असेल.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही मला थांब म्हणायला आलात ना?"

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या पाया पडली तेव्हाही माहीत होतं.

"हो," मी म्हटलं. "पण बारा वाजेपर्यंत मला तुला काही सांगता येत नाही."

तिने स्टूल माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "मग मीच सांगते. मी जाणार. तुम्ही बारानंतर थांब म्हणालात ना बाई, तरी जाणार. तुमच्यापुढे नाही म्हणायला मला फार भीती वाटत होती, म्हणून आत्ता सांगून टाकते."

मला रडू आलं. तिसरीतली रेजिना आठवली, उत्तर येत असूनही हात वर न करणारी. मी साबणाच्या हातानेच डोळे पुसले आणि आणखी झोंबलं. ती उठायला लागली तशी मीच म्हटलं, "बस तू." डॉरेट पलीकडून ओरडली की हाही हुकूमच झाला. मग चहाचे कपही माझ्याच गळ्यात पडले.

परत तिसाव्या मजल्यावर

घरी गेलो तर घराची रया गेली होती. सोफ्यावर दूध सांडलेलं, झोई टॉवेलात, एथन लाल होऊन रडतोय. रेजिना चप्पल काढून थेट त्याच्याकडे गेली आणि तो गप्प झाला. ग्लेनने मला आत बोलावलं.

"ती तयार झाली ना?"

"ती जाणार आहे," मी म्हटलं. "पंधरा तारखेच्या आत. तिचा पासपोर्ट काढून दे."

पासपोर्ट त्याच्या कपाटात होता, सगळ्यांच्या पासपोर्टबरोबर, हरवू नये म्हणून. तो चिडला. मम्मी, तुला मी कशाला बोलावलं होतं? आम्ही तिला काय कमी केलं? एकाच टेबलावरचं जेवण, वाढदिवसाला केक. ती घरच्यासारखी आहे, मम्मी.

"घरच्यासारखी आहे म्हणूनच तिला दोन वर्षांत सुट्टी नाही," मी म्हटलं. "तुला ऑफिसात कुणी घरचा म्हणतं का? नाही ना? म्हणून तू शनिवार-रविवार घरी असतोस."

लिनेट दारात उभी राहून रडत होती. तिने एकच विचारलं, आणि ते रास्तच होतं, की ती गेल्यावर एथनला कोण घेणार.

मला माहीत होतं हा प्रश्न येणार. फुजैराहून येताना सबंध रस्ताभर मी त्याचं उत्तर टाळत होते. रेजिना दुबईला गेली होती तीच मुळी मी जायला नको म्हणून. गुडघ्यांचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे मला माझं घर, माझी झाडं, माझी सकाळची मिस सोडवत नव्हती. मी म्हटलं, "मी घेते."

रेजिना गेली त्या दिवशी झोई तिच्या बॅगेवर बसून राहिली. "व्हाय इज शी गोइंग? शी लिव्ज हिअर, ग्रॅनी." मी म्हटलं, ती इथे राहत नव्हती बाळा, कामाला होती. तिचं घर दुसरीकडे आहे. झोईने हे कधी ऐकलंच नव्हतं. ग्लेन स्वतः विमानतळावर सोडायला गेला. रेजिनाला आत जाताना बघून परत आला आणि बराच वेळ खालीच गाडीत बसून होता, असं नंतर कळलं.

मग माझे दिवस सुरू झाले. त्यांचं काय वर्णन करणार? बाटल्या, लंगोट, झोईचा डबा, पुन्हा बाटल्या. बुर्ज तेवढा काचेतून अर्धा, बाकी ती सोनेरी फ्रेम, ते फुलांचं गार्डन, काही बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, तिसऱ्या आठवड्यात मला पश्चात्ताप झाला. बाथरूममध्ये बसून रडले, म्हटलं कशाला उंटावरचा शहाणपणा केला, सहा महिने काय मोठे होते? पगारी बाई गेली आणि तिच्या जागी बिनपगारी आली. तळ्याकाठी हे बोलले तर डॉरेट हसली नाही. तिने विचारलं, तुमचा रविवार कुठे आहे?

त्या संध्याकाळी मी ग्लेनला सांगितलं की मला रविवारची सुट्टी हवी. तो हसला. मी हसले नाही. तेव्हापासून रविवारी दुपारी बारापर्यंत त्या घरात मला कुणी काही सांगत नव्हतं. मी जेबेल अलीच्या चर्चला मिसला जायची, नंतर डॉरेटकडे आयता चहा प्यायची, बिनसाखरेचा. पहिल्या रविवारी फोन आले, मग बंद झाले. ग्लेनला मशीन लावता यायला लागलं. ऑक्टोबरात त्यांनी एक पाळणाघर शोधलं, मग एक नवी बाई, नेपाळची. तिला रविवार सुट्टी, कराराच्या पहिल्याच ओळीत. लिनेटने लिहून घेतलं. मी हे सगळं दर रविवारी फोनवर रेजिनाला सांगायची आणि ती नुसती "बरं बाई, बरं बाई" म्हणायची.

वसई

स्मिताला मुलगी झाली, सप्टेंबरच्या शेवटी, माहेरी. मी नोव्हेंबरात आले, त्याच आठवड्यात रविवारी मिस झाल्यावर तिच्याकडे गेले. सोबत एथनचे लहान झालेले कपडे आणि डॉरेटने दिलेली एक छोटी गवती टोपी.

मागच्या पडवीत रेजिना पाटावर बसली होती, पाय लांब करून, पायांवर नात उपडी. तेल लावून झालेलं, ऊन ऊन पाण्याचं घंगाळ शेजारी. दोरीवर ती पांढरी झबली वाळत होती, रोल्लाची. स्मिता आत पडून होती, तिने तिथूनच हाक मारली. मला चालून दम लागला होता, खुर्चीत बसले, पाय पसरले. मुलगी इतकी गोड, काळ्याभोर डोळ्यांची, की मला राहवेना.

"रेजिना," मी म्हटलं, "आण बघू तिला इकडे. दे माझ्या मांडीवर."

तिने वर बघितलंसुद्धा नाही. तांब्यातलं पाणी हळूहळू बाळाच्या पाठीवर सोडत म्हणाली, "बारा वाजू द्या, बाई."